आई-वडिलांचं आजारपण आणि भावंडांमधलं बोलणं: नातं टिकवत सेवा कशी करायची

आई-वडील थकले की भावंडांचं नातं नव्याने सुरू होतं. वीस-पंचवीस वर्षं ज्यांचं बोलणं दिवाळी, लग्नकार्य आणि मुलांच्या निकालांपुरतं होतं, त्यांना एकदम रोज बोलावं लागतं, तेही कॅथेटर, डायपर, मेडिक्लेम आणि बाईच्या दांड्यांबद्दल. एक भाऊ पुण्यात आई-वडिलांजवळ, बहीण सांगलीला सासरी, धाकटा न्यू जर्सीत. अशी घरं आता गल्लोगल्ली आहेत. तिघांचाही आईवर जीव असतो. तरी वर्ष-दीड वर्षात तिघं एकमेकांशी धड बोलेनासे होतात आणि नातेवाईक म्हणतात, "इस्टेटीवरून बिनसलं."

मला हे पटत नाही. इस्टेटीवरून बिनसतं ते सगळ्यात शेवटी. त्याच्या कितीतरी आधी जवळ राहणाऱ्याचं काम कुणी मोजलेलं नसतं आणि लांब राहणाऱ्याने नेमकं काय करायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. एकाच्या मनात अढी बसते, दुसऱ्याला अपराधी वाटत राहतं, आणि अपराधी वाटणारा माणूस सल्ले देऊ लागतो. तिथून खटके सुरू होतात. सासूबाईंना पक्षाघात झाल्यानंतरची काही वर्षं आमच्या घराने यातलं बरंच अनुभवलंय, आणि शेजारीपाजारीही पाहिलंय. पुढे दिलेला क्रम त्यातूनच आलाय. शक्य असेल तर दुखणं वाढायच्या आधीच, आई-वडील हिंडतेफिरते असतानाच सुरुवात करा.

पहिली पायरी: आठवडाभर वही ठेवा

जवळ राहणाऱ्याला "काय काय करावं लागतं रे?" असं विचारलं की तो म्हणतो, "काय सांगू, दिवस कुठे जातो कळत नाही." त्याचं खरं असतं, पण त्यातून लांबच्याला काहीही दिसत नाही. म्हणून एक साधी वही स्वयंपाकघरात ठेवा, आणि जो काम करेल त्याने ते वेळेसकट लिहायचं. तक्रार नाही, विशेषणं नाहीत, फक्त काम.

अशा वहीचं एक पान साधारण असं दिसतं. सकाळी सहाला आईंना उठवलं, कमोड खुर्चीवर बसवलं, तोंड धुतलं. साडेसहाला थायरॉइडची गोळी, उपाशीपोटी. साडेसातला चहात बिस्किट भिजवून चमच्याने भरवलं, अर्धा तास लागला कारण ठसका लागतो. आठला बाईचा फोन, आज येणार नाही. बाई पुरवणाऱ्या ब्यूरोला तीन फोन, बदली बाई अकराला येईल म्हणाले. ऑफिसला हाफ डे कळवला. साडेनऊला स्पंजिंग, चादर बदलली, कमरेखाली लाल डाग दिसला, डॉक्टरांना फोटो पाठवला. डॉक्टर म्हणाले दर दोन तासांनी कूस बदला, हवेची गादी आणा. दुपारी मेडिकलवाल्याकडे गादीची चौकशी. चारला फिजिओथेरपिस्ट. रात्री दोनला आणि चारला कूस बदलली.

यातलं हातांनी केलेलं काम पाहुण्यालाही दिसतं. न दिसणारं काम डोक्यात चालू असतं: गोळ्या कधी संपतील, बाई उद्या येईल का, हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचाय, सोसायटीची लिफ्ट बंद असेल तर अँब्युलन्सवाले स्ट्रेचर कसं आणतील. माणसाला खरा शीण येतो तो या सतत लक्ष ठेवण्याचा. वहीत त्याचीही नोंद करा. "औषधं मोजली, चार दिवसांची उरलीत" ही ओळसुद्धा कामाचीच आहे.

आठवडा संपला की सगळ्यांनी फोनवर जमायचं आणि वही मोठ्याने वाचायची. वाचून होईपर्यंत कुणीही मध्ये बोलायचं नाही, सूचना करायची नाही. हा नियम आधीच सांगून ठेवा. ऐकणाऱ्यांपैकी एखादा गप्प होतो, एखादीचे डोळे भरतात. त्यानंतरचं बोलणं आपोआप निराळ्या सुरात होतं.

वही वाचताना प्रत्येक कामासमोर ते करणाऱ्याचं नाव घ्या. बहुतेक घरांत असं दिसतं की "दादा आईला सांभाळतो" या वाक्यातलं निम्म्याहून जास्त काम वहिनी करतेय. सुनेचं काम मुलाच्या खात्यावर जमा करायची आपल्याकडे फार जुनी सवय आहे, आणि त्याचा सल वर्षानुवर्षं राहतो. नणंदेने, दिराने वहिनीला स्वतः फोन करावा. दादाला "वहिनीला सांग हं" म्हणून निरोप ठेवू नये. "वहिनी, वही ऐकली. रात्रीचं दोनदा उठणं तुमच्याकडे आहे हे मला माहीतच नव्हतं" एवढं म्हटलं तरी खूप झालं. शेवटी "तुम्ही किती करता हो" असं गोड आवरण घालायची गरज नाही. नेमकं काम उच्चारलं की ते आपोआप पोचतं.

दुसरी पायरी: खबर एकीकडे, चर्चा दुसरीकडे

कुटुंबाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतोच. त्यावर आईची तब्येत, गुड मॉर्निंगची फुलं, भाच्याचा वाढदिवस आणि "एमआरआय का नाही केला?" हे सगळं एकाखाली एक येतं, तेव्हा कुणाच्या तरी मनाला लागणार हे ठरलेलंच. फक्त भावंडांचा एक वेगळा ग्रुप करा आणि त्यावर दिवसातून एकदा खबर टाका. ठरावीक साचा असला की लिहायला दोन मिनिटं लागतात: "जेवण अर्धं. बीपी 140/90. पोट साफ. चालणं पलंग ते दार. मूड बरा, भजन ऐकलं. लागणार: डायपर, शनिवारपर्यंत." वाचणाऱ्याने पोच द्यायची आणि लागणाऱ्या वस्तूची जबाबदारी कुणीतरी उचलायची. "मी मागवतो, उद्या सकाळी येतील" हे उत्तर झालं. नमस्काराचा इमोजी पोच म्हणून ठीक आहे, पण त्याने डायपर येत नाहीत.

ग्रुपवर प्रश्न विचारा, पण जाब विचारू नका. लिहिलेल्या शब्दाला सूर नसतो. "डॉक्टरांना विचारलं का?" हे एकाने काळजीने लिहिलेलं असतं आणि दिवसभर थकलेल्या दुसऱ्याला ते उलटतपासणीसारखं वाटतं. विषय जरा नाजूक वाटला की थेट फोन लावा.

चर्चेसाठी आठवड्यातली एक वेळ ठरवून टाका. न्यू जर्सीत भाऊ असेल तर पुण्यातल्या रविवारी रात्री आठला त्याच्याकडे उन्हाळ्यात सकाळचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेनऊ वाजलेले असतात, दोघांनाही सोयीचं. लंडनला असेल तर दुपारचे साडेतीन किंवा अडीच. वेळ ठरलेली असली की दोन फायदे होतात. जवळचा माणूस मनात साठलेलं तोवर धरून ठेवू शकतो, आणि लांबच्याचा फोन मधूनच, आईला भरवताना वाजत नाही. पाऊण तास पुरतो. पहिली दहा मिनिटं तब्येत, मग पुढच्या आठवड्याची कामं, मग पैसे. काय ठरलं ते कुणीतरी तिथल्या तिथे ग्रुपवर लिहायचं, नाहीतर पुढच्या रविवारी "मी असं म्हटलंच नव्हतं" सुरू होतं.

आणीबाणीचं वेगळं ठरवा. अर्ध्या रात्री दवाखान्यात न्यावं लागलं तर जवळच्याने एकालाच फोन करायचा, आणि त्याने बाकीच्यांना कळवायचं. स्ट्रेचरशेजारी उभं राहून चार ठिकाणी तीच हकीकत सांगायची वेळ कुणावर येऊ नये.

तिसरी पायरी: फोनवरचं पहिलं वाक्य

अमेरिकेत सिएटलला मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवविवाहित जोडप्यांची वादाची बोलणी चित्रित करून वर्षानुवर्षं अभ्यासली. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात, वादाच्या पहिल्या तीन मिनिटांवरूनच पुढच्या सहा वर्षांत कोणती जोडपी वेगळी होतील याचा अंदाज बांधता आला होता. तो अभ्यास नवरा-बायकोचा आहे, भावंडांचा नाही. पण सुरुवात टोचून झाली की शेवट गोड होत नाही, हे भावंडांच्या फोनवरही रोज दिसतं.

लांबच्या भावाचा फोन बहुधा असा सुरू होतो: "आईची शुगर किती आली? गेल्या वेळी जास्त होती ना? मग डॉक्टर का बदलत नाही आपण? माझ्या मित्राच्या वडिलांना तर..." बिचारा काळजीपोटी बोलत असतो. पण ऐकणाऱ्याला ऐकू येतं ते "तुला जमत नाहीये." तोच फोन असा सुरू करून बघा: "दादा, आजचा दिवस कसा गेला तुझा? झोप मिळाली का?" आणि मग खरंच थांबा. तो आधी "ठीक आहे" म्हणेल. अजून जरा थांबा. मग तो बोलायला लागेल, कदाचित दहा मिनिटं एकटाच बोलेल. शुगरचा आकडा त्यातच कळतो.

सल्ला द्यायचाच असेल तर आधी परवानगी घ्या: "मला एक सुचलंय, आत्ता सांगू का रविवारी बोलू?" आणि सल्ल्यासोबत स्वतःचा हात पुढे करा. "दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेऊ या" एवढंच म्हटलं की दादाच्या डोक्यावर आणखी एक काम पडतं. "रिपोर्ट मला पाठव, मी व्हिडिओवर वेळ घेतो, तू फक्त आईजवळ बस" असं म्हटलं की ते काम तुमचं होतं. जो सल्ला देईल त्याने निम्मं काम उचलायचं, हा नियम तुमच्या घरात पाळून बघा. सल्ले कमी होतात, आणि उरतात ते उपयोगाचे.

आता जवळच्या भावंडासाठी. तुमचा राग रास्त आहे, पण "तुम्हाला कुणाला काही पडलेलंच नाही" या वाक्याने समोरचा फक्त स्वतःचा बचाव करतो. नेमकं मागा. "शुक्रवारी संध्याकाळी माझ्या मुलीचं गॅदरिंग आहे. ताई, तू दुपारी चारला येऊन रात्री दहापर्यंत थांबशील का?" याला हो किंवा नाही असं उत्तर येतं. नाही आलं तर कारणही कळतं आणि दुसरी सोय करता येते. सांगलीहून पुण्याला यायला चार-पाच तास लागतात, तिच्याही घरी सासू-सासरे आहेत, तेव्हा आठवडाभर आधी सांगा. आपण न सांगता समोरच्याने ओळखावं ही अपेक्षा आपल्या घरांत फार मोठी असते. ती सोडली तर निम्मं ओझं उतरतं.

आणखी एक. आपली तगमग लांबच्याला कळू द्या, पण तो झोपायच्या वेळी नको. "आज आईने मला ओळखलं नाही" हे सांगायला भाऊच लागतो, दुसरं कोण समजणार? ते ग्रुपवरच्या बीपीच्या आकड्यांत टाकू नका. त्याला वेगळा फोन करा आणि सुरुवातीलाच म्हणा, "काही करू नकोस, फक्त ऐक." ऐकणाऱ्याला मग उपाय शोधायची घाई होत नाही.

चौथी पायरी: लांबून होणारी कामं लांबच्याला द्या

लांब राहून काहीच करता येत नाही हा गैरसमज आहे. मेडिक्लेमचं नूतनीकरण, टीपीएशी (विम्याचे दावे हाताळणाऱ्या कंपनीशी) पत्रव्यवहार, दवाखान्याच्या बिलांचं स्कॅनिंग आणि दावा, औषधं ऑनलाइन मागवणं, लाइटबिल, सोसायटीचा मेंटेनन्स, प्राप्तिकर, ब्यूरोशी बाईच्या पगाराचा हिशेब, सगळ्या रिपोर्टांची तारखेप्रमाणे एक फाइल. ही सगळी कामं जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातून होतात, आणि जवळच्याच्या डोक्यातली तेवढी जागा रिकामी होते. वय 70 किंवा त्याहून जास्त असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. 2024 च्या ऑक्टोबरअखेरीपासून उत्पन्नाची अट न घालता ते मिळतं, आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण असतं. जवळपासची कोणती रुग्णालयं त्या यादीत आहेत हे शोधायचं काम लांबचा भाऊ एका दुपारी करू शकतो.

आईला रोज फोन करणं हेही कामच आहे आणि ते मोठं आहे. रोज संध्याकाळी साडेसहाला धाकट्याचा व्हिडिओ कॉल येणार हे ठरलेलं असलं की आई त्याची वाट बघते, आणि तेवढा अर्धा तास वहिनीला मोकळा मिळतो. पण त्या फोनवर आईकडून घरातल्यांच्या तक्रारी काढून घेऊ नका. म्हातारं माणूस एकाकडे दुसऱ्याबद्दल बोलतंच, त्यात कधी खरं दुखणं असतं, कधी नुसता एकटेपणा. "वहिनी मला जेवायला देत नाही" असं आई म्हणाली तर लगेच दादाला फोन करून खडसावू नका. स्मृतिभ्रंशात जेवल्याचं दहा मिनिटांत विसरायला होतं. आधी वहिनीला विचारा, "आई आज जेवणाबद्दल बोलत होती, भूक कशी आहे तिची?"

सुट्टीवर याल तेव्हा पाहुणे म्हणून येऊ नका. पहिले दोन दिवस जवळच्याबरोबर राहून सगळं शिकून घ्या: गोळ्यांचा डबा कसा भरायचा, खुर्चीवरून पलंगावर घेताना हात कुठे धरायचा, कोणत्या बाजूने भरवायचं. मग दादा-वहिनींना चार दिवस बाहेर पाठवा, आणि त्या चार दिवसांत "वॉकर कुठे ठेवलाय?" म्हणून फोन करू नका. जाताना घरातली कुठलीही व्यवस्था, अगदी भांड्यांच्या मांडणीसकट, बदलून जाऊ नका.

पाचवी पायरी: पैसे उघडपणे

पैशांबद्दल बोलायला आपण कानकोंडे होतो, आणि तो न बोलण्याचा काळ फार महाग पडतो. पहिलं तत्त्व असं ठेवा की खर्च आधी आई-वडिलांच्याच पैशांतून होईल. त्यांची पेन्शन, ठेवींचं व्याज हे त्यांच्याच सुखासाठी आहे, मुलांच्या वाट्यासाठी साठवायला नाही. ते कमी पडेल तिथे भावंडांनी मिळकतीच्या मानाने भर घालावी. सगळ्यांनी सारखंच द्यायचं हा आग्रह न्यायाचा वाटतो, पण प्रत्येकाची मिळकत वेगळी असते.

यासाठी वेगळं बँक खातं ठेवा आणि खर्चाची शीट सगळ्यांना उघडी असू द्या. जवळचा माणूस रोजच्या रोज पदरमोड करत असतो: रिक्षा, नारळपाणी, बाईला दिवाळी. ते लिहायला त्याला संकोच वाटतो. लांबच्यांनी स्वतःहून म्हणावं, "दादा, किरकोळ खर्चाचे दर महिन्याला अमुक रुपये खात्यात येतील, हिशेब देऊ नकोस." आणि पैसे पाठवणाऱ्याने हेही लक्षात ठेवावं की पैशाने पैशाचा वाटा उचलला जातो. रात्री दोनला उठण्याची भरपाई पैशाने होत नाही, तिथे वेळच द्यावा लागतो.

आई-वडील शुद्धीत आणि बरे असताना त्यांच्याकडून काही कागद करून घ्यायला हवेत. मृत्युपत्र आणि नॉमिनेशन त्यात पहिली. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांच्या वतीने पैसे स्वीकारणारा असतो, हे सगळ्या भावंडांना सांगून ठेवा, कारण त्या एका शब्दावरून पुष्कळ घरं दुभंगतात. 2025 च्या नोव्हेंबरपासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी नेमता येतात. कुलमुखत्यारपत्रावर (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीवर) मात्र विसंबू नका. देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते कायद्याने संपुष्टात येतं, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी त्याचा आधार राहत नाही. वकिलाकडे जाताना दोन भावंडांनी तरी बरोबर जावं. एकट्याने करून आणलेला कागद कितीही चोख असला तरी बाकीच्यांच्या मनात शंका राहते.

सहावी पायरी: शेवटाबद्दलचं बोलणं, आई-वडिलांनाच विचारून

व्हेंटिलेटर लावायचा की नाही हा प्रश्न आयसीयूच्या दाराशी पहाटे पडला तर तीन भावंडांची तीन मतं होतात, आणि ज्याच्या मताप्रमाणे झालं त्याला आयुष्यभर ऐकावं लागतं. हा प्रश्न आई-वडिलांचा आहे, त्यांनाच आधी विचारा. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये अशी इच्छा लिहून ठेवायला मान्यता दिली आणि 2023 मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घेता येतं, आणि आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यायचा त्यांची नावंही त्यात लिहिता येतात.

विचारायचं कसं? समोर बसवून "बाबा, तुमची शेवटची इच्छा काय?" असं नको. ओळखीतल्या कुणाचं दुखणं निघालं की वाट मिळते. "बाबा, कुलकर्णीकाका तीन आठवडे मशीनवर होते. तुम्हाला काय वाटतं त्याबद्दल? तुमच्या बाबतीत आम्ही काय करावं?" बहुतेक वडील पहिल्यांदा विषय झटकतात. दोन महिन्यांनी पुन्हा विचारा. आई बहुधा जास्त मोकळी बोलते, "मला नळ्या-बिळ्या लावू नका गं" असं ती भाजी निवडतानासुद्धा म्हणून जाते. ते हसण्यावारी नेऊ नका. तिथेच तिच्याजवळ बसा, नीट विचारून घ्या आणि त्याच दिवशी भावंडांना सांगा. शक्य झालं तर तिनेच सगळ्यांना फोनवर सांगावं, म्हणजे "तुला एकट्यालाच कसं सांगितलं?" हा प्रश्न उरत नाही.

भांडण झालंच तर

होईल. थकलेली, घाबरलेली माणसं भांडतात. आवाज चढला की फोन आपटू नका, म्हणा, "मला आत्ता नीट बोलता येत नाहीये, अर्ध्या तासाने करतो," आणि खरंच करा. गॉटमन यांचाही सल्ला किमान वीस मिनिटं थांबण्याचा आहे, कारण धडधडणारं शरीर शांत व्हायला तेवढा वेळ लागतो. त्या अर्ध्या तासात बायकोकडे किंवा नवऱ्याकडे भावाच्या कागाळ्या करत बसलात तर राग उतरत नाही, उलट चढतो. थोडं चालून या.

जुने हिशेब उकरले जातील: "तुझ्या इंजिनिअरिंगसाठी बाबांनी जमीन विकली," "माझ्या लग्नात काय केलंत?" अशा वेळी त्या घटनेची शहानिशा करू नका. त्या मागची दुखरी जागा मान्य करा: "तुला ते तेव्हापासून लागलंय, हे मला कळतंय. त्यावर आपण बोलू, पण आज आईच्या बाईचं ठरवू." तिघांत बोलणंच बंद झालं तर मध्यस्थ म्हणून घरातल्या सगळ्यांचा विश्वास असलेला माणूस बघा: मामा, आत्या, फॅमिली डॉक्टर. तो कुणाच्या बाजूचा नसावा, एवढीच अट.

आणि कुणी खरंच हात वर केले तर? मग वाट बघू नका, उरलेल्यांत वाटणी करा. बोलण्याने सगळं सुटतं असं मी म्हणणार नाही. आई-वडिलांची आबाळ होत असेल, कुणी त्यांच्यावर हात उचलत असेल किंवा सह्या घेऊन घर लाटत असेल, तर 2007 चा पालक आणि ज्येष्ठ नागरिक कल्याण कायदा आहे. त्याखाली न्यायाधिकरणाकडे निर्वाहाची मागणी करता येते, आणि सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत सांभाळ न केल्यास परत मिळवता येते. ज्येष्ठांच्या मदतीचा 14567 हा मोफत क्रमांक सकाळी आठ ते रात्री आठ चालू असतो.

सांभाळणाऱ्याकडे लक्ष

वहिनीची पाठ धरलीय, दादाचं बीपी वाढलंय, तो क्षुल्लक गोष्टीवर मुलांवर ओरडतोय, मित्रांकडे जाणं बंद झालंय, रात्री आई झोपली तरी त्याला झोप लागत नाही. ही लक्षणं लांबच्याने हेरायची असतात, कारण जवळच्याला ती दिसत नाहीत. दर सहा महिन्यांनी सांभाळणाऱ्यांची रक्त-लघवी तपासणी करून घ्यायचं काम बहिणीने अंगावर घ्यावं. आठवड्यातला एक अर्धा दिवस त्यांचा, त्यासाठी बाईचे जादा पैसे सगळ्यांनी द्यावेत. मन फारच खचलं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. तिथे फोन करायचं सुचवताना "तुला गरज आहे" असं म्हणू नका. म्हणा, "मी पण लावतो, तू पण लाव."

आई-वडील गेल्यानंतर

दिवसवारे होईपर्यंत कपाट, दागिने, घर यांपैकी कशावरही चर्चा नको, हे आधीच तिघांत ठरवून ठेवा. नंतरची एक तारीख ठरवा आणि त्या दिवशी कागद समोर ठेवून बोला. बहिणीपुढे तेराव्याला हक्कसोडपत्र ठेवायची रीत आपल्याकडे अजून आहे. ती अजिबात योग्य नाही. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा जन्मतःच मुलाइतका हक्क आहे, आणि दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलंय. तिला हक्क सोडायचा असेल तर ती सोडेल, पण वेळ घेऊन, कागद घरी नेऊन, स्वतःच्या वकिलाला दाखवून. तलाठ्याकडे वारसनोंद करताना तिचं नाव घालायला विसरू नका.

ज्यांनी सांभाळ केला त्यांना जास्त काही द्यायचं असेल तर तो विषय लांबच्या भावंडांनी काढावा, त्यांना तो काढायला लावू नये. आणि पहिल्या वर्षाच्या सणांचं त्याच बैठकीत ठरवा. आई होती म्हणून सगळे पुण्याला जमत होते, आता गणपती कुणाकडे, भाऊबीज कुठे, बहिणीचं माहेर कोणतं घर? ताईला आमंत्रणाची वाट बघायला लावू नका. दिवाळीच्या महिनाभर आधी वहिनीने तिला फोन करावा, आणि धाकट्याने तिचं तिकीट काढून ठेवावं.